यशोदाबाईनं सोललेलं झाड

यशोदाबाई भोयेच्या दारात मोहाचं भलंमोठं झाड होतं, आणि ते फुललेलं तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, लग्न होऊन आली त्या वर्षी. यात नवल वाटून घेऊ नका. सुरगाण्याच्या अलीकडं डोंगरात खैरपाडा आहे, आणि तिथल्या निम्म्या बायांची हीच कथा. मोह फुलतो फाल्गुनाच्या अखेरीला आणि चैत्रात. नेमकी त्याच वेळी खाली दिंडोरीकडं द्राक्षांची काढणी ऐन भरात असते, आणि काढणी उरकली की लगेच वेली मुळापर्यंत उतरवायची खरडछाटणी. भात-नागली घरात आली की पाड्यावरची टोळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून खाली जायची, ती थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, पुढंमागं परत यायची. तोवर मोह फुलून, गळून मोकळा झालेला असायचा. सासूनं फुलं वेचून, वाळवून कणगीत भरलेली असायची. यशोदाबाईच्या वाट्याला ती सुरकुतलेली तपकिरी फुलं यायची आणि सासूचे दोन शब्द, “औंदा लय पडला बघ.” किती पडला, कसा पडला, हे म्हातारीनं कधी सांगितलं नाही. बोलण्यात ती भारी चिकट होती.

आपलं असून डोळ्यांना न दिसणारी गोष्ट माणसाला फार छळते. नसलेल्या गोष्टीचं एकवेळ विसरता येतं. यशोदाबाईला बागेत काम करताना मध्येच, काही कारण नसताना, मोहाचा वास आल्यासारखं व्हायचं. द्राक्षबागेत मोहाचा वास कुठून येणार? तिथं औषधाचा वास. पण ती कात्री थांबवायची आणि नाक वर करून उभी राहायची, आणि वेलीच्या पलीकडून शकुबाई म्हणायची, “आला का गं पुन्हा?”

बागेत दोन बायांना मिळून एक ओळ असते. एक अलीकडून, एक पलीकडून, मध्ये वेल, तारा आणि पानं. शकुबाई त्या गावचीच, बुद्धविहारामागच्या वस्तीतली. पहिल्या वर्षी योगायोगानं दोघींची जोडी लागली, आणि पुढं मुकादमानं ती मोडून पाहिली तेव्हा दोघींनी असा काही संथ हात चालवला की त्यानंच हात टेकले. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, समोर पानांचा पडदा. भाकर खायला बसल्यावरच काय ते एकमेकींचं तोंड दिसायचं. बाकी सगळी मैत्री आवाजाची. सुना, लेकरं, नवऱ्यांचे आजार, कुणाचं कुठं फिसकटलं, सगळं पानांतून इकडचं तिकडं व्हायचं. भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी शकुबाई डब्यातून बुंदी आणायची आणि वेलीमधून हात घालून द्यायची.

आणि यशोदाबाई द्यायची मोह. म्हणजे मोहाच्या गोष्टी. फुलं सायीसारखी पांढुरकी, गरगरीत. झाडावर एक पान नाही, नुसती फुलं. पहाटे गळायला लागतात, टप टप आवाज येतो, अंगण भरून जातं. पहिल्या वर्षी एवढंच होतं. मग दरसाल त्यात भर पडत गेली. अंगणाबरोबर ओटाही भरायला लागला, पलीकडच्या नाल्यापर्यंत वास जायला लागला, आणि एका वर्षी तर तिनं फुलं खायला अस्वलही आणलं. त्या रानात अस्वल तिच्या सासऱ्यानंही पाहिलेलं नव्हतं.

“अस्वल ऱ्हाऊ दे,” शकुबाई म्हणायची, “झाड दाखव एकदा.”

“ये की.”

“कशी येऊ? तू हितं, मी हितं. झाड काय आपल्यासाठी थांबतंय?”

थांबत नव्हतंच. अशी एकेक करत किती खरडछाटण्या गेल्या, ते दोघींच्या केसांकडं पाहून ज्यानं त्यानं समजावं.

मग यशोदाबाईचे गुडघे गेले. शेवटच्या हंगामात ती ओळीच्या टोकाला पोचायची तोवर शकुबाई परत फिरून निम्म्यात आलेली असायची. मुलगा मयूर सातपूरला कंपनीत होता, तो म्हणाला, आता पुरे. पुढच्या दसऱ्यानंतर जीप आली तेव्हा नवऱ्यानं, धोंडीरामानं, तिची वळकटी बांधलीच नाही. लग्नाचं वर्ष सोडलं तर पहिल्यांदाच यशोदाबाई फाल्गुन-चैत्रात घरी राहणार होती.

त्याच सुमाराला शकुबाईचा फोन आला. नाशिकला मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवले होते. काचबिंदू निघाला. गेलेली नजर काही परत येत नाही, उरलेली थेंब टाकून जपायची, तीही किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शकुबाईनं हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, “यशे, तुझा तो मोह ह्या चैत्रात दाखव बाई. पुढच्याचा भरवसा नाय.”

“दाखवते,” यशोदाबाई म्हणाली. “फुलला की फोन करते. तू निस्ती गाडीत बस.”

फोन ठेवला आणि ती अंगणात जाऊन मोहाखाली उभी राहिली. इतक्या वर्षांत ती त्याच्याकडं फक्त मनातून पाहत आली होती. आता डोळ्यांनी नीट पाहिलं, तर बुंध्याशी लाकडाचा बारीक भुसा पडलेला. सालीला बारीक बारीक भोकं. एका भोकातून तिच्या देखत चिमूटभर भुसा बाहेर आला.

खोडकिडा. द्राक्षाच्या मुलखात हात काळे केलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. हे झाड तिच्या आजेसासऱ्याच्या आधीपासून उभं होतं, आणि वाळायला त्याला नेमकं हेच वर्ष सापडलं होतं.

आता बागेतलं एक काम सांगायला हवं. वेलीच्या खोडावर सुटलेली जुनी साल असते. तिच्या आड पिठ्या ढेकूण दडून बसतो. म्हणून ती साल हातानं, घासणीनं उतरवायची, खोड गुळगुळीत करायचं आणि वरून मोरचूद-चुन्याची निळी बोर्डो पेस्ट फासायची. हे काम यशोदाबाईच्या हाताखालून इतक्या वेळा गेलं होतं की डोळे मिटून केलं असतं. तिच्या लेखी झाडाचं आरोग्य म्हणजे स्वच्छ खोड. खडबडीत, फुटकी साल दिसली की तिचे हात शिवशिवायचे. आपल्याकडं म्हणतातच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा आणि तारेचा घासा घेऊन मोहाला भिडली.

मोहाची साल म्हणजे काही वेलीची साल नव्हे. जाड, भेगाळलेली, पिढ्यांची. पण बाई हट्टाला पेटली होती. गुडघे दुखले की बसून, बसून कंटाळा आला की स्टुलावर चढून, हात पोचेल तिथवर तिनं ती भेगाळलेली साल तासून काढली. मोठमोठ्या खपल्या निघाल्या. खपल्यांच्या आतून किडे पळायला लागले. चपटे, तांबूस अंगाचे, पाठीवर काळे पट्टे, आणि पळायला भलतेच चपळ. “हे बघा, हे!” ती धोंडीरामाला ओरडून म्हणाली आणि चपलेनं चिरडत सुटली. खपल्या गोळा करून तिनं परसात जाळल्या. मग मयूरला सांगून मागवलेली पेस्ट बुंध्याला फासली. कुठं कुठं विळा खोल गेला होता, तिथं पांढरा चीक येऊन थिजला होता, त्यावरही फासली. संध्याकाळी झाड कंबरेला निळं धोतर नेसल्यासारखं दिसत होतं.

धोंडीराम ओट्यावर बसून पाहत होता. तो म्हणाला, “म्हातारं झाड हाय. असं उघडं करू नये.”

“तुम्हाला काय कळतं बागेतलं?”

“ही बाग नाय,” धोंडीराम म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

तिनं शकुबाईला फोन करून सगळं सांगितलं. शकुबाई खूश झाली. “बरं केलंस. सोललं का चांगलं?” दोघी एकाच बागेत शिकलेल्या. एकीची चूक दुसरीला दिसणार कशी?

पुढं मार्गशीर्षात थंडी पडली. भुसा थांबायचा सोडून वाढला. रोज सकाळी यशोदाबाई बुंधा झाडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच, कधी जास्त. पेस्ट लावली होती त्याच्या वर, जिथं हात पोचला नव्हता तिथं, भोकं कमी होती. जिथं तिनं मन लावून सोललं होतं तिथं जास्त होती. आणि उगवतीकडच्या मोठ्या फांदीची पानं इतर झाडांच्या कितीतरी आधी पिवळी पडून गळाली, टोकाचे डहाळे बोटांत कुटकन मोडायला लागले. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, हे तिला कळत होतं. का झाला, ते कळत नव्हतं. ती जेवेनाशी झाली. झाड गेलं तर शकूला काय दाखवायचं, हा एकच घोर. इतक्या वर्षांत एवढं एकच तर कबूल केलं होतं.

वनरक्षक हर्षाली एका सकाळी तिच्या बीटवर, नेमून दिलेल्या जंगलपट्ट्यात, फिरत फिरत पाड्यात आली. नाशिकरोडची मुलगी, या डोंगरात नेमणूक होऊन वर्ष झालेलं. यशोदाबाईच्या ओट्यावर ती पाणी प्यायला थांबायची. त्या दिवशी तांब्या हातात घेतला आणि झाडाकडं पाहून तशीच उभी राहिली.

“मावशी, हे कुणी केलं?”

“मी,” यशोदाबाई म्हणाली. “किडा लागलाय. साल काढून पेस्ट लावली.”

हर्षाली रागावली असती तर बरं झालं असतं, असं यशोदाबाईला वाटलं. हर्षालीनं बुंध्याभोवती एक फेरी मारली, भोकं पाहिली, मग विचारलं, “साल काढली तेव्हा आत काय होतं?”

“किडेच किडे. तांबडे, काळ्या पट्ट्याचे. मारले सगळे.”

“या, दाखवते एक.”

बांधाच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला, भोयांच्याच जागेतलं ऐनाचं एक वठलेलं झाड उभं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी वीज पडून मेलेलं. पाड्यातली पोरं त्याच्यावर डोळा ठेवून होती, आणि यंदाच्या होळीला ते द्यायचं असं धोंडीरामानं कधीच कबूल केलेलं होतं. हर्षालीनं त्याची सुटलेली साल हलक्या हातानं थोडी उचलली. कागदाच्या चळतीत बोट घालावं एवढीच जागा. आत तोच किडा होता. तांबूस, चपटा, काळ्या पट्ट्याचा. आणि त्याच्या तोंडात एक पांढरी जाड अळी वळवळत होती. किडा तिला मागं मागं ओढत नेत होता.

“लाकूड पोखरते ती ही अळी,” हर्षाली म्हणाली. “आणि तिला खातो तो हा. भक्षक भुंगेरा. सुटलेल्या सालीच्या आत राहतो, अंडी तिथंच घालतो. त्याची पिल्लं त्या भोकांतून आत शिरून अळ्या शोधून खातात. साल गेली की यांचं घर गेलं. मग पोखरणाऱ्यांना मोकळं रान.”

यशोदाबाई वाकून पाहत राहिली. बागेचे मालक महेशभाऊ एका वर्षी खोक्यातून किडे घेऊन आले होते, ते तिला आठवलं. मिलीबग, म्हणजे तोच पिठ्या ढेकूण, खाणारे किडे, विकत आणलेले. वेलीवेलीवर सोडले होते आणि बायांना ताकीद दिली होती, की यातला एकही मारायचा नाही, हे आपल्या बाजूचे आहेत. तेव्हा शकू पलीकडून म्हणाली होती, “आता किड्यांची पण टोळी आली गं.” किती हसल्या होत्या दोघी. आणि तिच्या स्वतःच्या दारात, कुणी न आणलेले, तसलेच किडे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि तिनं ते चपलेनं चिरडले होते.

“मी राखणदारच मारले की,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. भुंगेऱ्यांसाठी नव्हे, हे उघड आहे. आपल्याच हातानं आपण ते एक वचन खरवडून टाकलं, यासाठी.

हर्षालीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “खोटं सांगत नाही मावशी, झाड वाचेलच असं मी म्हणणार नाही. पण हे ऐनाचं झाड जवळ आहे, हे नशीब समजा. इथून ते येतील. पोखरलेल्या लाकडाच्या वासावर बरोबर येतात. फक्त हे झाड असंच उभं राहू द्या. मेलेलं झाड म्हणजे जंगलातली अडगळ नाही. जिवंत झाडांची राखण करणारे इथंच जन्मतात.”

ते येतील तेव्हा येतील, पण वाट बघत बसण्याइतका वेळ यशोदाबाईकडं कुठं होता? हर्षाली गेल्यावर तिनं वठलेल्या ऐनाच्या आपोआप गळून पडलेल्या खपल्या गोळा केल्या. एकेक उलटून पाहायची आणि ज्यात किडा किंवा त्याची लालसर पिल्लं दिसतील ती खपली पदरात घ्यायची. मग त्या खपल्या तिनं मोहाच्या उघड्या बुंध्याला सुतळीनं बांधल्या, वेलीची काडी तारेला बांधतात तशा, ना घट्ट ना सैल. ज्या हातांनी सोललं त्याच हातांनी ती झाडाला दुसऱ्याची साल नेसवत होती. धोंडीराम स्टूल धरून उभा राहिला. तो चिडवायचं सोडून नुसता स्टूल धरून उभा राहिला, यावरून काय ते समजा.

पौष गेला, माघ गेला. भुसा एकदम थांबला नाही. पण एका सकाळी तिनं बुंधा झाडला आणि दुसऱ्या दिवशी तिथं चिमूटभरच पडलेला होता. बांधलेल्या खपलीला कान लावला तर काही ऐकू यायचं नाही. तरी ती लावायची.

मग होळी आली. डोंगरातली होळी म्हणजे चेष्टा नव्हे, घरटी लाकूड द्यावं लागतं आणि ते मोठं असावं लागतं. पोरं कुऱ्हाडी घेऊन ऐनाशी आली. यशोदाबाई आधीच तिथं जाऊन बसली होती.

“काकू, काकांनी कबूल केलंय.”

“काकांनी केलंय, मी नाय. हे झाड जाणार नाय.”

“मेलेलं हाय की ते.”

“तुम्हाला मेलेलं दिसतं.”

पोरं हसली. म्हातारी वठलेल्या झाडाच्या प्रेमात पडली म्हणाली. धोंडीरामाची पंचाईत झाली, कारण दिलेला शब्द होता. तेव्हा यशोदाबाईनं घरामागची पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली सरपणाची सगळी रास दाखवली आणि म्हणाली, हे न्या. डोंगरातल्या पावसाळ्यात कोरडं लाकूड नसणं काय असतं, हे पोरांनाही ठाऊक होतं. ती हसायची थांबली. निम्मीच रास नेली आणि ऐनाला हात लावला नाही.

होळीनंतर मोहाची राहिलेली पानं गळली. उगवतीकडची मोठी फांदी तर गेलीच होती. ती वाळून काळी पडली होती, तिच्यात आता जीव नव्हता. पण मावळतीच्या अंगाला, जिथं वर हात न पोचल्यामुळं जुनी साल शाबूत राहिली होती आणि खाली सुतळीनं बांधलेल्या खपल्या होत्या, तिथल्या डहाळ्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे झुबके धरले.

आणि एका पहाटे तिला आवाजानं जाग आली. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप, टप.

ती बाहेर आली. अंधार फिका होत होता. शेणानं सारवलेल्या अंगणात फुलं पडली होती. अंगण काही भरलं नव्हतं. ओटा तर नाहीच. अर्ध्या झाडाची फुलं ती, अर्ध्या अंगणात विखुरलेली. पण तो वास होता. गोड, जड, थोडा आंबूस, बागेत कात्री थांबवून ज्याच्यासाठी नाक वर करायची तोच. लग्नाच्या वर्षीची यशोदा आणि ही गुडघ्यांना हात लावून वाकणारी यशोदाबाई, दोघी एका अंगणात उभ्या राहिल्या. तिनं एक फूल उचलून तोंडात टाकलं आणि पहिली आठवण झाली ती शकूची.

उजाडायच्या आत तिनं फोन लावला. “शकू, फुललाय. ये.”

“येते,” शकुबाई म्हणाली. “सनीला म्हणते.”

सनी हा शकुबाईचा मुलगा. तो द्राक्षांच्या क्रेटची पिकअप चालवायचा, आणि हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. शकुबाईला आता एकटीला गाडी बदलत डोंगरात येणं शक्य नव्हतं. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहिल्यासारखं, कडा सगळ्या गेलेल्या. सनी परवा म्हणाला. परवा माल भरायचा निघाला. मग रविवारी म्हणाला. रविवारी आभाळ आलं आणि पावसाच्या भीतीनं मालकानं उरलेली बाग एकदम काढायला लावली. त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण यशोदाबाईचा जीव रोज पहाटे टांगणीला लागायचा. फुलं वेचताना ती वर बघायची, अजून किती राहिली. शकुबाई फोनवर विचारायची, “हाय का गं अजून?” आणि ती म्हणायची, “हाय. पण ये लवकर.”

एका पहाटे दोनच फुलं पडली. दुसऱ्या दिवशी एकही नाही.

तिनं तीन-चार दिवस फोन केला नाही. शकुबाईचा आला तेव्हा तो घेऊन ती म्हणणार होती, संपला गं, नको येऊस. पण पलीकडून शकुबाईच आधी बोलली. “हंगाम संपला. उद्या सकाळी निघतो. मी नवी साडी काढलीय.” यशोदाबाईच्या तोंडून फक्त “ये” एवढंच निघालं.

पिकअप पाड्यात आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सनीनं आईला हात देऊन उतरवलं. निळी साडी, डोक्याला फडकं नाही, तोंडाला फडकं नाही. इतक्या उजेडात यशोदाबाईनं तिला फार कमी वेळा पाहिलं होतं. दोघींनी एकमेकींचे दंड धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. बोलायची सवय होती ती पानांच्या आडून. समोरासमोर काय बोलायचं, ते दोघींनाही सुचेना.

“कुठाय?” शकुबाईनं विचारलं.

यशोदाबाई तिला हाताला धरून अंगणात घेऊन आली. सांगायचं तिनं ठरवलंच होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. फुलं गळली शकू, माझ्याच हातानं झाड अर्धं मेलं, आणि उरलेलं तुझी वाट बघून फुलून गेलं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात शकुबाईनं मान वर केली.

मोहाला फुलं गळताना नवी पालवी फुटते. कोवळी, तांबडी, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी चकचकीत. मावळतीच्या अंगाचं सगळं झाड त्या पालवीनं भरलं होतं आणि ऊन तिच्यातून खाली येत होतं. शकुबाई मान इकडं तिकडं फिरवत, आपल्या उरलेल्या नजरेच्या नळीतून ते तुकड्यातुकड्यानं पाहत होती. पाहता पाहता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“अगं, केवढा फुललाय,” ती म्हणाली. “आणि तू लबाड. इतकी वर्षं पांढरा पांढरा म्हणत आलीस. लाल हाय की गं हा.”

सनी काही बोलायला गेला. ओट्यावरून धोंडीरामानं त्याला हातानं थांबवलं. यशोदाबाईनं शकुबाईचा हात घट्ट धरला आणि तिच्याबरोबर वर पाहिलं.

“लालच हाय,” ती म्हणाली. “मी तरी कुठं बघितला होता, शकू?”